प्रौढांचे शिकणे आणि शिकविणे



शाळेने योजिलेल्या स्मृतिव्याख्यानात शाळेबाहेरच्या शिक्षणाविषयी बोलणे काहीसे विपरीत वाटण्याचा संभव आहे. परंतु शिक्षकाची थोरवी विद्यार्थी वर्गात असेपर्यंतच मोजावयाची नसते. शाळा सोडून वीस-पंचवीस वर्षे लोटल्यावरही ज्यांच्याकडे एखादी शंका, एखादा अर्ज, एखादी कौटुंबिक अडचण घेऊन जावेसे वाटते, ते खरे गुरुजी. अशा शिक्षकाच्या स्मरणार्थ प्रौढ माणसाच्या शिक्षणाचा विचार करणे उचितच होय. प्रौढ माणूस का शिकतो, कसा शिकतो, कोणाकडून शिकतो आणि स्वतः दुसऱ्याला काय शिकवितो, हा आजचा विषय आहे.

एका आयुष्यात तीन लिप्या

आजीवन शिक्षण ही कल्पना पाश्चात्त्य ग्रंथांतून आपल्याकडे आली असा एक समज आहे. शब्द नवा असेल. अनुभव नवा नाही. निदान आपल्या सीमाभागाला तरी तो नवा नाही.

१९१५च्या सुमारास जनवाड्याच्या पंचक्रोशीत जन्मलेल्या एखाद्या मराठी भाषक शेतकऱ्याची कल्पना करावी. त्याच्या घरात मराठी. सावकाराच्या वहीत मोडी. देवघरातल्या पोथीत बाळबोध. निजामी राजवटीत कचेरीचा आणि अदालतीचा कारभार उर्दूत. सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले तेव्हा त्याचे वय तेहेतीस. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन भाग झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. झहीराबाद, नारायणखेड हा भाग आंध्र प्रदेशात गेला. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात आला. आपला शेतकरी तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होता. १९६३च्या कायद्याने कन्नड ही राज्यभाषा झाली आणि सरकारी कागद हळूहळू कन्नडमध्ये येऊ लागले. म्हणजे उर्दूतला कागद दुसऱ्याकडून वाचून घेण्यात ज्याची तरुणाई गेली, त्याला उतारवयात कन्नडमधली पहाणी दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली.

यात कोणत्याही भाषेला दोष नाही. उर्दू, कन्नड, मराठी आणि पूर्वेकडची तेलुगू या चारही भाषा या मातीने आपल्या मानल्या आहेत. बीदरच्या बाजारात एकच माणूस तीन गिऱ्हाइकांशी तीन भाषांत बोलतो, याचे कोणाला नवलही वाटत नाही. सांगावयाचे ते एवढेच की, ज्याला कागद वाचता येतो त्याच्या हाती सत्ता जाते आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्या हाती शाईचे बोट उरते. पूर्वीचा पटवारी असो, अर्ज लिहून देणारा असो किंवा आजच्या काळात भ्रमणध्वनीवर आलेला संदेश वाचून दाखविणारा शेजारी असो, मधल्या माणसाचे महत्त्व तेव्हाही होते आणि आजही आहे. प्रौढ शिक्षणाचा प्रश्न हा म्हणूनच केवळ अक्षरओळखीचा प्रश्न नसून स्वाधीनतेचा प्रश्न आहे.

मूल आणि प्रौढ : शिकण्यातील भेद

वय वाढले की शिकणे संपते, असा समज फार जुना व फार सार्वत्रिक आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२८मध्ये प्रौढांच्या अध्ययनावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि या समजाला पहिला शास्त्रीय धक्का दिला. ऐन तारुण्यानंतर शिकण्याच्या शक्तीत होणारी घट अत्यंत मंद असते, चाळिशी ओलांडलेला माणूसही नवे उत्तम शिकू शकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढील संशोधनाने त्यात भर घातली. वयाबरोबर आकलनाचा वेग आणि तात्कालिक स्मरण यांत उणेपणा येतो. परंतु शब्दसंग्रह, व्यवहारज्ञान आणि अनुभवाधिष्ठित निर्णयशक्ती ही दीर्घकाळ टिकतात, किंबहुना वाढतात. साठीच्या शेतकऱ्याला पाढे पाठ करावयास वेळ लागेल. पण आकाशाकडे पाहून पेरणीचा निर्णय घेताना तो विशीतल्या पदवीधराला मागे टाकील.

एडवर्ड लिंडमन यांनी १९२६मध्ये आणि पुढे माल्कम नोल्स यांनी अधिक विस्ताराने प्रौढांच्या शिकण्याची लक्षणे मांडली. त्यांचे सार आपल्या भाषेत असे सांगता येईल.

पहिले लक्षण असे की, मूल ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून शिकते. प्रौढ आज अडले आहे म्हणून शिकतो. त्याच्या शिकण्याला गरजेची धार असते. गरज भागली की तो वर्ग सोडून जातो. ही त्याची चंचलता नव्हे, हा त्याचा हिशेब आहे.

दुसरे लक्षण म्हणजे, मुलाची पाटी कोरी असते आणि प्रौढाची भरलेली असते. त्या पाटीवर आधीच लिहिलेले पुसून नवे लिहिता येत नाही. जुन्याला जोडूनच नवे लिहावे लागते.

तिसरे लक्षण मानाचे आहे. मूल चुकले तर हसते आणि पुन्हा लिहिते. प्रौढ चुकला आणि कोणी हसले, तर तो दुसऱ्या दिवशी येत नाही. ज्याला घरात चार माणसे ‘अण्णा’, ‘काका’ म्हणून मान देतात, त्याला वर्गात खडसावून बोलविणे म्हणजे त्याला घालवून देणे होय.

चौथे लक्षण सर्वांत महत्त्वाचे. प्रौढ शिकता शिकता शिकवीत असतो. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ या म्हणीत हेच शिक्षणशास्त्र आहे. ठेच लागलेला पुढचा माणूस न कळत गुरू झालेला असतो.

या मातीतील तीन विद्यापीठे

आपल्या भागाच्या इतिहासात शिक्षणाचे वैभव म्हणून महमूद गावान याच्या मदरशाकडे बोट दाखविले जाते आणि ते योग्यच आहे. १४७२च्या सुमारास बीदरला उभारलेल्या त्या वास्तूत अध्यापकांच्या निवासाची सोय होती आणि मोठा ग्रंथसंग्रह होता. परंतु सामान्य प्रौढांच्या शिक्षणाची केंद्रे त्या मदरशाच्या भिंतींबाहेरही होती. त्यांतील तिघांचा विचार करू.

पहिले केंद्र कल्याणचे, म्हणजे आजच्या बसवकल्याणचे. बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांच्या भोवती जो शरणसमुदाय जमला, त्याच्या संवादसभेला परंपरा ‘अनुभवमंटप’ म्हणते. अल्लमप्रभू तेथे अध्यक्षस्थानी असत, असे परंपरा सांगते. तेथे येणारांची नावे पाहिली की त्या सभेचे स्वरूप कळते. मडिवाळ माचिदेव परीट होते, अंबिगर चौडय्या नावाडी होते, नुलिय चंदय्या दोर वळणारे होते. अक्कमहादेवींसारख्या स्त्रियांना तेथे वादात उत्तर देण्याचा अधिकार होता. येथे शिकणाऱ्यांपैकी कोणीही मूल नव्हते आणि कोणीही आपला धंदा सोडून आला नव्हता. आपापल्या कामाच्या अनुभवातून प्रत्येकाने विचार मांडावा आणि तो इतरांनी तपासावा, ही प्रौढ शिक्षणाची पद्धत आठशे वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यात आचरली गेली. तिचा प्रमाणग्रंथ कोणी बाहेरून आणला नाही. त्या सभेतल्यांची वचने हाच तिचा ग्रंथ झाला.

दुसरे केंद्र बिदरी कामाचा कारखाना. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, मोरचूदाच्या पाण्याने ते तात्पुरते काळे करतात, त्यावर हाताने नक्षी रेखतात, ती कोरतात आणि कोरलेल्या रेषांत चांदीची तार वा पत्रा ठोकून बसवितात. शेवटी नवसागर आणि बीदरच्या किल्ल्यातील माती यांच्या उकळत्या मिश्रणात भांडे घातले की जस्त गडद काळे होते आणि चांदी शुभ्रच राहते. या मातीची परीक्षा जुने कारागीर जिभेवर ठेवून करतात. ही चव कोणत्या पुस्तकात लिहिणार? ती उस्तादाजवळ बसूनच कळते. नवशिका प्रथम घासण्या-पुसण्याचे काम करतो, मग कोरणीला हात लावतो, पुढे नक्षी रेखतो. प्रत्येक पायरीवर त्याच्या चुकीची किंमत खऱ्या धातूत मोजली जाते, म्हणून लक्षही खरे लागते. या कलेस २००६मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले आणि २०२३मध्ये बीदरचे ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री देण्यात आली. ज्या विद्येला शाळेचा दाखला नाही, तिला राष्ट्राने दिलेली ही मान्यता होय.

तिसरे केंद्र कीर्तन, भजन आणि पोथी. दामाजीपंतांचे आख्यान कीर्तनात रंगते तेव्हा मंगळवेढ्याच्या कोठारांबरोबर बीदरचा दरबारही श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. अक्षरशत्रू म्हणून ज्याची गणना होते, त्या वारकऱ्याला हरिपाठ मुखोद्गत असतो. आंबेजोगाईचे दासोपंत यांचे बालपण बीदरच्या दरबाराशी परंपरेने जोडलेले आहे. त्यांनी पंचीकरणासारखा अवघड विषय सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर आकृत्यांसह लिहून मांडला. ती ‘पासोडी’ आजही प्रसिद्ध आहे. अवघड ते डोळ्यांना दिसेल असे करावे, ही तळमळ त्यात स्पष्ट दिसते. पुढे विसाव्या शतकात गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) कीर्तनाला प्रश्नोत्तरांचे रूप दिले. ते श्रोत्यांना विचारीत आणि श्रोतेच उत्तर देत. कर्ज, व्यसन, अस्वच्छता आणि मुलांचे शिक्षण यांवरील ते लोकशिक्षण औपचारिक शालेय शिक्षण न लाभलेल्या एका महापुरुषाने चालविले, हे विसरता येत नाही.

निजामी राजवटीत या परंपरेला वाचनालयांची जोड मिळाली. सार्वजनिक सभांना परवानगीचा जाच होता. ‘गश्ती निशाण ५३’ ही संज्ञा जुन्या पिढीच्या स्मरणात असेल. अशा वेळी ग्रंथालय, व्यायामशाळा आणि गणेशोत्सव हीच प्रौढांची विद्यालये झाली. एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे आणि दहांनी ऐकावे, या साध्या रीतीने राजकीय जाणीव खेडोपाडी पोहोचली. या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतील आणि आंबेजोगाईतील शिक्षक होते, ही गोष्ट योगायोगाची नव्हे.

मोहिमांचे यश आणि अपयश

स्वातंत्र्यानंतर शासनाने प्रौढ साक्षरता हाती घेतली. आधुनिक काळात या कामाचा मान महात्मा फुले यांचा आहे. त्यांनी १८५५मध्ये पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालविली. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १९५९मध्ये, सातारा जिल्ह्यात ‘ग्रामशिक्षण मोहीम’ सुरू झाली आणि पुढे ती महाराष्ट्रभर पसरली. चार महिन्यांचा अभ्यासक्रम, शिकविणारे गावचेच शिक्षक व शिकलेले तरुण, आणि गाव साक्षर झाले की ‘ग्रामगौरव समारंभ’ असे तिचे स्वरूप होते. उत्साह अपूर्व होता. परंतु मोहिमेनंतर नवसाक्षराच्या हाती वाचावयास काही उरले नाही. अक्षर वापरात नसले की गंजते. समारंभात सही करणारे अनेक जण काही वर्षांत पुन्हा अंगठ्यावर आले.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आणि ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले. केरळमधील एर्नाकुलम जिल्हा १९९०मध्ये पूर्ण साक्षर म्हणून घोषित झाल्यावर त्या दशकात देशाच्या अनेक जिल्ह्यांतून साक्षरता अभियाने निघाली. तीन पुस्तिका आणि सुमारे दोनशे तास असा त्यांचा आराखडा होता. आज २०२२ ते २०२७ या काळासाठी ‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. पंधरा वर्षांवरील निरक्षरांना स्वयंसेवकांनी शिकवावे, अशी त्याची योजना असून ३० मे २०२५ रोजी गोवा राज्य या कार्यक्रमाखाली पूर्ण साक्षर म्हणून घोषित झाले.

आपल्या जिल्ह्याचे चित्र मात्र अद्याप समाधानकारक नाही. २०११च्या जनगणनेत बीदर जिल्ह्यातील साक्षरता सुमारे ७० टक्के आणि स्त्रियांची ६१ टक्क्यांच्या आसपास होती. कलबुर्गीची त्याहून कमी, सुमारे ६५ टक्के. हे आकडे कोणाचे आहेत? या शाळेत येणाऱ्या मुलांच्या आया आणि आज्या त्यांत आहेत. मूल गुणपत्रक घेऊन घरी जाते आणि आई ते उलटे धरते, हे दृश्य ज्या घरात आहे तेथे शाळेचे अर्धे काम अपुरेच राहते.

मोहिमा का ओसरतात? वर सांगितलेल्या चार लक्षणांकडे पाहिले म्हणजे उत्तर मिळते. प्रौढाला अडलेले एक असते आणि आपण शिकवितो दुसरेच. त्याच्या भरलेल्या पाटीकडे आपण कोरी समजून पाहतो. त्याचा मान राखत नाही. आणि त्यालाही काही शिकविता येते, हे तर आपल्या ध्यानातच येत नाही. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी १९६३मध्ये आंगिकोस या गावी सुमारे तीनशे शेतमजुरांना चाळीस तासांत वाचावयास शिकविले. त्यांनी प्रारंभ मुळाक्षरांपासून केला नाही. लोकांच्या जगण्यातला एखादा धगधगता शब्द घ्यावयाचा, त्यावर आधी चर्चा करावयाची आणि मग त्याची अक्षरे सोडवावयाची, ही त्यांची रीत होती. आपल्याकडे हा प्रारंभ ‘पाणी’, ‘पहाणी’, ‘मजुरी’, ‘व्याज’ अशा शब्दांनी होऊ शकेल.

जेथे शिकणे रुजले

आपल्या आसपास अशी उदाहरणे आहेत. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. गावाने निवडून दिलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतील अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक जणी दलित समाजातील होत्या. दर आठवड्याला त्या एकत्र जमत, गावात काय घडले ते सांगत, एकमेकींकडून आणि डॉक्टरांकडून शिकत व परत जाऊन गावाला शिकवीत. बाळंतपण, अतिसार, कुपोषण आणि कुष्ठरोग यांविषयी त्या अधिकाराने बोलू लागल्या. आरोळे दांपत्याला १९७९मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या यशाचे मर्म असे की, तेथे शिकणे आणि शिकविणे यांत एका आठवड्याचेही अंतर नव्हते. आज कळले ते उद्या कोणाच्या तरी उपयोगी पडत होते.

सातारा जिल्ह्यातील म्हसवडची गोष्ट वेगळी आहे. तेथील कष्टकरी बायकांनी स्वतःची बँक काढावयाचे ठरविले तेव्हा, प्रवर्तक निरक्षर आहेत, या कारणास्तव परवाना नाकारला गेला. या कामाच्या प्रणेत्या चेतना सिन्हा यांनी ही हकीगत जाहीरपणे सांगितली आहे. बायका अक्षरे शिकल्या, काही महिन्यांनी पुन्हा गेल्या आणि आम्ही व्याजाचा तोंडी हिशेब करतो, तुमचे अधिकारी यंत्राने करोत, असे आव्हान त्यांनी दिले. १९९७मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. येथे दोन गोष्टी लक्षणीय आहेत. व्याजाचे गणित त्या बायकांना आधीच येत होते. ते त्यांच्या भरलेल्या पाटीवर होते. आणि अक्षरे त्या झटपट शिकल्या, कारण त्यांना ती आजच हवी होती.

आंध्र प्रदेशातील नेल्लोर जिल्ह्यात १९९०–९१च्या सुमारास साक्षरता वर्गांतील एका पाठावरून दारूच्या दुष्परिणामांची चर्चा निघाली. दुबगुंटा गावच्या बायकांनी गावातील दारू बंद पाडली. ती ठिणगी राज्यभर पसरली आणि १९९३मध्ये शासनाला गावठी दारूच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. अक्षर जेव्हा आयुष्याला भिडते तेव्हा ते पुसले जात नाही.

आपल्या बीदर जिल्ह्यातही १९९०च्या दशकापासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने स्त्रियांच्या बचतगटांना जोडून घेतले. गटाची बैठक, पासबुक, ठराव, कर्जफेडीचा तक्ता यांतून हजारो स्त्रियांनी जे शिकून घेतले ते कोणत्याही प्रौढ वर्गाच्या नोंदवहीत लागलेले नाही.

जनवाड्याचे उदाहरण

प्रौढ शिक्षणाची एक संस्था तर आपल्या अगदी दाराशी आहे आणि आपण तिला त्या नावाने ओळखत नाही. जनवाड्याचे कृषी विज्ञान केंद्र ही शेतकऱ्यांची शाळाच आहे. भारतातील पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४मध्ये पुदुच्चेरी येथे निघाले. डॉ. मोहनसिंह मेहता समितीने या केंद्रांची जी कल्पना मांडली, तिचा गाभा ‘करून शिकणे’ हा होता. येथे परीक्षा नाही, पदवी नाही. शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात प्रात्यक्षिक घ्यावयाचे आणि शेजाऱ्यांनी बांधावर उभे राहून ते पाहावयाचे. बांधावरचा शेतकरी व्याख्यानावर विश्वास ठेवीत नाही, पिकावर ठेवतो.

बीदर-कलबुर्गी भागात गेल्या काही वर्षांत पसरलेली तुरीची रोपलावण हे याचे बोलके उदाहरण आहे. तूर पेरावयाची असते, हे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान. पाऊस लांबला की पेरणी लांबते आणि पीक हातचे जाते. त्याऐवजी उन्हाळ्याच्या अखेरीस लहान पिशव्यांत तुरीचे बी टोकून रोपे तयार करावयाची आणि पावसाने साथ दिली की चार-पाच आठवड्यांचे रोप रुंद अंतरावर लावावयाचे, ही नवी रीत. पुढे शेंडे खुडले की फांद्या वाढतात आणि शेंगा अधिक धरतात. यांतील प्रत्येक कृती शेतकऱ्याला सुटी सुटी माहीत होतीच. मिरची-वांग्याचे रोप त्याच्या घरातील बायका करीतच होत्या. हरभऱ्याचे शेंडे तर भाजीसाठी नेहमीच खुडले जातात. नवे होते ते या जुन्या गोष्टी तुरीला लावून पाहणे. म्हणजे शास्त्रज्ञाने भरलेल्या पाटीला जोडून लिहिले, आणि म्हणून ते उमटले.

येथे विद्येचा प्रवाह एकाच दिशेने वाहत नाही, हेही सांगितले पाहिजे. कोणत्या रानात पाणी साचते, मर रोग कोठे प्रथम दिसतो, मजूर कोणत्या आठवड्यात मिळत नाहीत, हे शेतकऱ्याने सांगितल्याशिवाय शास्त्रज्ञाची शिफारस पुरी होत नाही. बदनापूरला निघालेले वाण आणि कलबुर्गीला निघालेले वाण यांतून आपल्या जमिनीला कोणते मानवते, याचा शेवटचा निवाडा शेतकऱ्याच्या खळ्यावरच होतो. २०१९मध्ये गुलबर्गा तूरडाळीला भौगोलिक निर्देशन मिळाले, त्यात संशोधकांइतकाच या निनावी परीक्षकांचा वाटा आहे.

वृद्ध : विद्यार्थी आणि गुरू

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे या गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ते नव्वदीच्या आज्या दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या आणि बँकेत अंगठ्याऐवजी सही करू लागल्या. या वयात शिकून काय करावयाचे, असे कोणी विचारील. आपले नाव आपल्या हाताने लिहिणे, हा उपयोगाचा नव्हे, प्रतिष्ठेचा विषय आहे. आणि प्रतिष्ठेला वय नसते.

परंतु वृद्धांना आपण केवळ विद्यार्थी समजलो तर अर्धेच सत्य पाहिले असे होईल. जात्यावरच्या ओव्यांचे संकलन करणाऱ्या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदविल्या. त्या रचणाऱ्या व गाणाऱ्या बहुतेक स्त्रियांना लिहिता येत नव्हते. आपल्या भागातील आज्यांच्या मुखात मराठी-कन्नडच्या सीमेवरील ओव्या, उखाणे, औषधे, बियाणे राखण्याच्या रीती किती असतील? विहिरीचे झरे, जुने बांध, दुष्काळातील उपाय हे ज्यांना ठाऊक आहे, ती पिढी आपल्या डोळ्यांदेखत ओसरत आहे. त्यांना कोणी विचारले नाही, म्हणून त्यांनी सांगितले नाही. एका माणसाबरोबर एक ग्रंथालय नाहीसे होते आणि त्याची नोंदही होत नाही.

शाळेचे व माजी विद्यार्थ्यांचे कर्तव्य

डेन्मार्कमध्ये ग्रुंटविग यांच्या विचारातून १८४४मध्ये रोडिंग येथे पहिले लोकविद्यालय निघाले. शेतकऱ्यांच्या तरुण मुलांनी परीक्षेशिवाय एकत्र राहावे आणि भाषा, इतिहास, व्यवहार यांची चर्चा करावी, एवढाच त्याचा उद्देश होता. त्या छोट्या देशाच्या सहकारी चळवळीची मुळे या विद्यालयांत शोधली जातात. आपल्याला डेन्मार्कचे अनुकरण करावयाचे नाही. पण आपल्याजवळ काय आहे ते पाहावयास हरकत नाही.

आपल्याजवळ ही शाळेची इमारत आहे. ती सायंकाळी पाचनंतर आणि उन्हाळ्यात दोन महिने रिकामी असते. आपल्याजवळ माजी विद्यार्थी आहेत. कोणी बँकेत आहेत, कोणी दवाखान्यात, कोणी हैदराबाद-पुण्याच्या कारखान्यांत, कोणी स्वतःच्या शेतात. तेव्हा चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

शाळेत आठवड्यातून एक संध्याकाळ ‘कागदवाचन’ असावे. पहाणी, पीकविम्याचा अर्ज, औषधाची चिठ्ठी, वीजबिल, बँकेचा संदेश यांपैकी ज्याला जे अडले असेल ते त्याने आणावे. माजी विद्यार्थ्याने ते नुसते वाचून देऊ नये. त्यातील दोन शब्द आणि एक आकडा ओळखावयास शिकवून पाठवावे. वर्षभरात शंभर शब्द होतात, आणि ते शब्द गंजत नाहीत, कारण ते वापरात असतात.

त्याच ठिकाणी मराठी भाषक प्रौढांसाठी कन्नड आणि कन्नड भाषक शेजाऱ्यांसाठी मराठी, अशी अदलाबदल चालावी. दोघेही शिक्षक, दोघेही विद्यार्थी. एकमेकांचे उच्चार ऐकून हसावे, पण कोणी कोणाला हसू नये. सीमाभागाचे भांडण कागदावर काहीही असो, बांधावरचा शेजार या देवघेवीनेच टिकला आहे.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा आपल्या आजी-आजोबांपैकी एकाची विद्या लिहून आणावी. बी कसे राखतात, दोर कसा वळतात, ओवी कशी जुळवितात, काहीही चालेल. त्या वह्या शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या शेजारी ठेवाव्यात. आपले सांगणे शाळेत जपले जाते, हे आजीला कळले की तिचीही पावले शाळेकडे वळतील.

शेवटची गोष्ट माजी विद्यार्थ्यांसाठी. ज्यांचे शिक्षण परिस्थितीमुळे सुटले त्यांनी ते सुटले असे मानू नये. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९मध्ये, म्हैसूरचे कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ १९९६मध्ये याचसाठी निघाले. चाळिशीत परीक्षेस बसणारा बाप घरातील मुलाला अभ्यासाविषयी जे शिकवितो, ते दहा उपदेशांनी साधत नाही.

एका जुन्या सुभाषिताचा आशय असा आहे की, मनुष्य विद्येचा चौथा हिस्सा गुरूकडून घेतो, चौथा स्वतःच्या बुद्धीने, चौथा सोबत्यांकडून आणि उरलेला चौथा काळाकडून. शाळेच्या वाट्याला यांतील पहिला हिस्सा येतो. उरलेले तीन हिस्से शाळेचे फाटक ओलांडल्यानंतरचे आहेत. पहिला हिस्सा प्रामाणिकपणे देणाऱ्या गुरुजींचे स्मरण आज आपण करीत आहोत. उरलेले तीन हिस्से परस्परांना देण्याची जबाबदारी येथे बसलेल्या प्रत्येकाची आहे. गावातील एका तरी माणसाचा अंगठा या वर्षी सहीत बदलला आणि एका तरी वृद्धाची विद्या वहीत उतरली, तर हे व्याख्यान पुढील वर्षी नव्याने द्यावयास काही कारण उरेल.